आमचं वाकलेलं ख्रिसमस ट्री, आणि त्याचा मॅनलीतला सरळ भाऊ

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगला विषय आला, "बी विंगच्या बाजूचं वाकलेलं झाड". हे झाड आमच्या बाबांनी १९९७ च्या डिसेंबरात नर्सरीतून ख्रिसमस ट्री म्हणून आणलं होतं, तीनेक वर्षं गॅलरीत कुंडीत होतं, मग मुळांनी कुंडीला तडा गेला तेव्हा बाबांनी आणि माळीकाकांनी मिळून ते कंपाउंडच्या कडेला जमिनीत लावलं. आता त्याचा शेंडा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्याही वर गेलाय. आणि हो, ते वाकलंय, अगदी स्पष्ट दिसेल इतकं वाकलंय, रस्त्यापलीकडे उभं राहून बघितलं की इमारतीच्या सरळ कोपऱ्याशेजारी ते तिरकं आहे हे लहान मुलालाही कळेल.

बी विंगमधले एक काका म्हणाले, पावसाळ्यात कुणाच्या गाडीवर पडलं तर जबाबदार कोण, निदान वरून अर्धं तरी उडवून टाका. त्यांची काळजी खोटी नव्हती, दर पावसाळ्यात पुण्यात झाडं पडतात, माणसं दगावतात, मी त्यांच्यावर चिडले नाही. पण बाबा काहीच बोलले नाहीत, नुसते खाली बघत बसले, आणि ते मला सहन झालं नाही. मी म्हटलं मला पंधरा दिवस द्या, हे झाड कुठलं आहे आणि का वाकलंय ते मी शोधून सांगते. त्या पंधरा दिवसांत जे कळलं ते सगळं इथे लिहितेय, कारण असलं झाड तुमच्याही सोसायटीत, शाळेत, बंगल्याच्या फाटकाशी नक्की असणार.

पहिली गोष्ट नावाची. नर्सरीवाले याला अरोकेरिया म्हणतात नाहीतर सरळ ख्रिसमस ट्री. नेटवर फोटो टाकला की उत्तर येतं नॉरफोक आयलंड पाइन. मीही इतकी वर्षं तेच समजत होते. फक्त एक गोष्ट मनात खटकत होती. २०१९ मध्ये ताईकडे सिडनीला गेले होते तेव्हा ती मला मॅनली बीचवर घेऊन गेली, तिथे समुद्राच्या कडेने नॉरफोक पाइनची रांगच्या रांग उभी आहे आणि ती झाडं काही आमच्या झाडासारखी दिसत नाहीत. ती रुंद आहेत, खाली पसरट आणि वर निमुळती, फांद्यांचे मजले एकमेकांपासून लांब लांब आणि मधून आकाश दिसतं, आणि समोरून खारा वारा खात असूनही बहुतेक झाडं ताठ उभी. आमचं झाड मात्र खालपासून वरपर्यंत जवळजवळ एकाच रुंदीचं, आखूड फांद्यांचा दाट खांब. जेजुरीची दीपमाळ डोळ्यासमोर आणा, मधला उंच खांब आणि त्याला चहूबाजूंनी आखूड हात, अगदी तशी ठेवण. तेव्हा मला वाटलं आपल्याकडच्या हवेने असं होत असेल.

हवेचा काही संबंध नाही. ही दोन वेगळी झाडं आहेत. मॅनलीचं ते अरोकारिया हेटेरोफायला, म्हणजे नॉरफोक पाइन, आणि आमचं अरोकारिया कोलम्नॅरिस, म्हणजे कुक पाइन, जुन्या पुस्तकांत अरोकारिया कुकी. दोघं एकाच कुळातले, इतके जवळचे भाऊ की रोपं कुंडीत असताना भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत आणि म्हणून जगभर कुक पाइन नॉरफोकच्या नावाने विकलं जातं. हवाईमध्ये तर डोंगरच्या डोंगर याचे आहेत आणि लोक त्यांना नॉरफोक म्हणत आलेत. आणि पाइन हे नावही दोघांना नुसतं चिकटलेलं आहे, हिमालयातल्या चीड-देवदारशी यांचं जवळचं नातं नाही, यांचं घराणंच वेगळं, ते आज मुख्यतः दक्षिण गोलार्धात उरलंय. डायनोसॉरच्या काळात मात्र या घराण्याची झाडं जगभर होती, भारतातसुद्धा.

या दोघांची माहेरं बघितली तर नातं कळतं. न्यू कॅलेडोनिया हा पॅसिफिकमधला फ्रेंच ताब्यातला बेटांचा समूह, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, पक्का उष्ण कटिबंध. जगात अरोकारियाच्या साधारण वीस जाती आहेत आणि त्यातल्या १४ फक्त तिथे आहेत, बाकी कुठेच नाहीत! मला हा आकडा वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. कोकणाएवढीसुद्धा नसलेली जागा आणि एका घराण्याच्या चौदा जाती. कुक पाइन त्यातलंच एक, ते समुद्रकाठच्या प्रवाळाच्या चुनखडीवर वाढतं, मुख्य बेटाच्या दक्षिण टोकाला आणि त्याच्या खाली असलेल्या आयल ऑफ पाइन्सवर. तिथून सरळ दक्षिणेला सातशे किलोमीटरहून जास्त गेलं की समुद्रात एकटं नॉरफोक बेट. ते ज्वालामुखीचं बेट आहे, वय फार तर तीसेक लाख वर्षं, झाडांच्या हिशेबात कालचंच. नॉरफोक पाइन मूळचं फक्त तिथलं आणि आजूबाजूच्या चिमुकल्या बेटांवरचं.

दोघांची युरोपला ओळख झाली तीही एकाच माणसामुळे आणि एकाच सफरीत, जेमतेम महिनाभराच्या अंतराने. कॅप्टन कुक, जहाज रेझोल्यूशन, साल १७७४. सप्टेंबरात न्यू कॅलेडोनियाच्या किनाऱ्याने जाताना लांब बेटांवर उंच उंच काहीतरी उभं दिसायला लागलं आणि जहाजावर वाद सुरू झाला. कुक आणि खलाशी म्हणत होते झाडं आहेत. जहाजावरचे शास्त्रज्ञ, म्हणजे फॉर्स्टर बापलेक आणि मंडळी, म्हणत होते की हे दगडी खांब आहेत, बेसॉल्टचे. जवळ गेल्यावर झाडं निघाली. पण मला फॉर्स्टरचं अजिबात नवल वाटत नाही, मला दीपमाळ दिसली, त्यांना दगडी खांब दिसले, झाडच तसं आहे. पुढे धाकट्या फॉर्स्टरनी त्याला नाव दिलं त्यात कोलम्नॅरिस आलंच, म्हणजे खांबासारखं. मग १० ऑक्टोबरला कुक नॉरफोक बेटावर उतरला आणि तिथे पुन्हा तसलीच उंच सरळ झाडं. त्याच्या मनात एकच, डोलकाठ्या! ब्रिटिश आरमाराला डोलकाठ्यांसाठी लाकूड हवं होतं आणि बेटावर शिडाच्या कापडासाठी रानटी तागासारखी एक वनस्पतीही होती. या दोन गोष्टींच्या ओढीने १७८८ च्या मार्चमध्ये फिलिप गिडली किंग कैदी घेऊन तिथे वस्ती करायला गेला. आणि मग कळलं की हे लाकूड डोलकाठीच्या कामाचं नाहीच.

पण तोवर कुऱ्हाड सुरू झालेली. कैद्यांची वसाहत, मग शेती, मग गुरं, एकदा वस्ती उठली, १८२५ मध्ये पुन्हा आली, आणि १८५६ मध्ये पिटकेर्न बेटावरचे लोक तिथे राहायला आले. अख्खं बेट ३५ चौरस किलोमीटरचं. बोरिवलीचं नॅशनल पार्क शंभर चौरस किलोमीटरच्या वर आहे, त्याच्या एक तृतीयांश जागेत अख्ख्या जगातलं या झाडाचं मूळ रान, आणि त्यातलंही बरंचसं साफ झालं. जवळच्या फिलिप बेटावर डुकरं, बकऱ्या आणि ससे सोडले, त्यांनी बेट खरवडून काढलं, नुसती लाल माती उरली होती. १९८० च्या दशकात तिथले ससे पूर्ण काढले तेव्हा कुठे हिरवं परत यायला लागलं. आज मुख्य बेटावर नॅशनल पार्क आहे, तिथे जंगली पेरूसारख्या बाहेरून आलेल्या झुडपांशी सतत झगडावं लागतं. बेटाच्या झेंड्यावर मधोमध हेच झाड आहे.

म्हणून नॉरफोक पाइन रेड लिस्टवर, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीवर, व्हल्नरेबल म्हणजे असुरक्षित आहे. आणि हे लोकांच्या गळी उतरत नाही, मी मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, अगं काहीतरीच काय, हे तर प्रत्येक हॉटेलच्या लॉबीत असतं. असतंच. पण कुंडीतल्या हजार झाडांनी एक रान होत नाही. नॉरफोक बेटावर एक पांढराशुभ्र समुद्रपक्षी येतो, पांढरी टर्न, तो घरटं बांधतच नाही, एकच अंडं थेट या झाडाच्या उघड्या आडव्या फांदीवर ठेवतो, फांदीच्या एखाद्या खोबणीत, आणि पिल्लू बाहेर आलं की तेही तिथेच नखांनी फांदी धरून वाऱ्यात बसून राहतं. त्याला तशी जाड, आडवी, म्हातारी फांदी लागते. लॉबीतल्या कुंडीत ती कुठून येणार.

आमच्या कुक पाइनची स्थिती तुलनेने बरी आहे, रेड लिस्टवर ते काळजीच्या यादीत नाही. पण म्हणून न्यू कॅलेडोनियात सगळं आलबेल आहे असं नाही. तिथल्या मातीत निकेल आहे, खाणी आहेत, वणवे लागतात, आणि तिथल्या चौदा अरोकारियांपैकी बऱ्याच जाती धोक्यात आहेत. त्यातली नेमोरोसा नावाची जात दक्षिणेला पोर्ट बोइझेच्या आसपास एवढ्याशा पट्ट्यात उरली आहे, अगदी शेवटच्या पायरीवर. दिसायला तीही यांच्याच वळणाची. सगळ्यांना सरसकट ख्रिसमस ट्री म्हटलं की कोण भरपूर आहे आणि कोण संपत आलंय हे कळणारच नाही, म्हणून मला नावाचा एवढा आग्रह.

आता ओळखायचं कसं, ते मी आमच्या झाडाखाली उभं राहून शिकले. आधी खोड. कुक पाइनची साल पातळ कागदासारखी आडवी सुटते आणि तिची सुरळी होते, पेन्सिल शार्पनरमधून निघते ना तशी, बोटाने हलकेच ओढली की पट्टी सुटून हातात येते, आतला रंग तांबूस आणि वास राळेचा, बोटं चिकट होतात ती साबणाने जात नाहीत, खोबरेल तेलाने जातात. नॉरफोकची साल मी मॅनलीला बघितली होती ती खवल्याखवल्यांची, करडी, सुरळ्या नव्हत्या. मग फांद्या. कुक पाइन जुन्या लांब फांद्या स्वतःहून टाकून देतं आणि त्याच जागी खोडातून नव्या आखूड फांद्या फुटतात, त्यामुळेच तो खांबाचा आकार. आमच्याकडे झाडाखाली दोरीसारख्या वाळक्या डहाळ्या पडतात, आई त्यांनी बंब पेटवायची, मला वाटायचं झाड आजारी आहे. झाड ठणठणीत होतं, ते फक्त फांद्या बदलत होतं. शंकू हाती लागला तर प्रश्नच मिटतो. नॉरफोकचा मादी शंकू जवळजवळ चेंडूसारखा, उंचीपेक्षा रुंदी थोडी जास्तच, दहा-बारा सेंटीमीटर. कुकचा लांबट, आणि त्याच्या खवल्यांची टोकं लांब आणि मागे वळलेली. अर्थात शंकू येतात ते पार शेंड्याकडे, दिसणार कसे.

आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे वाकणं.

हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः उठून बाबांच्या खोलीत गेले. कॅलिफोर्नियातल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं की त्यांच्याकडची कुक पाइन सगळी एकाच बाजूला झुकलेली आहेत, मग त्याने आणि सहकाऱ्यांनी पाच खंडांतली, १८ ठिकाणची २५६ झाडं मोजली आणि २०१७ मध्ये इकॉलॉजी या जर्नलमध्ये छापलं. उत्तर गोलार्धातली झाडं दक्षिणेकडे झुकतात, दक्षिण गोलार्धातली उत्तरेकडे. म्हणजे झाड जगात कुठेही लावा, ते विषुववृत्ताकडे झुकतं! सरासरी झुकाव साडेआठ अंश, आणि विषुववृत्तापासून जितकं लांब तितका जास्त, दक्षिण ऑस्ट्रेलियात एक तर ४० अंश वाकलेलं सापडलं. असं का होतं याचं पक्कं कारण अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. बाकीची झाडं तिरकी उगवली तरी पुढे स्वतःला सरळ करून घेतात, हे झाड तसं करत नाही.

मी फोनमधला कंपास काढला. आमचं झाड झुकलंय ते दक्षिणेकडे. बरोब्बर. बी विंग दक्षिणेला आहे म्हणून ते काकांच्या खिडकीकडे येतंय असं वाटतं, त्यात बिचाऱ्या काकांचा काय दोष. कोन मोजायचं ॲप खोडाला लावलं तर सात अंश. मग मला नादच लागला, पुढचा आठवडा स्कूटरवरून येता-जाता कोथरूड, एरंडवणे, कॅम्प जिथे जिथे हे झाड दिसलं तिथे थांबून बघितलं. एकूण अकरा झाडं, नऊ दक्षिणेकडे झुकलेली, दोन जवळपास सरळ. एका वॉचमनदादांनी विचारलं काय मोजताय, त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे होकायंत्रच की! बंगलोरला लालबागेत कुक पाइन आहेत, तिकडच्या एका मैत्रिणीलाही मी बघून यायला सांगितलंय.

शेंडा उडवण्याबद्दलही वाचलं, आणि त्याचा पुरावा आमच्याच घरात होता. मी कॉलेजात असताना बाबांनी या झाडाची एक बाजूची फांदी कुंडीत लावून बघितली होती, ती जगली, पण दोन वर्षं आडवीच वाढत राहिली, काठी बांधली तरी आडवीच, जमिनीला समांतर. तेव्हा बाबा म्हणायचे हिला उभं राहायचंच नाहीये. आता कळलं की या घराण्यातल्या बाजूच्या फांदीला आपण बाजूची फांदी आहोत हे कायमचं लक्षात राहतं, ती शेंडा होऊ शकत नाही. मग वरून अर्धं उडवलं तर काय होणार? बाजूची एखादी फांदी आंब्यासारखी उठून शेंड्याची जागा घेणार नाही. खोडातून नवे कोंब फुटले तर दोन-तीन एकदम फुटतात, कापलेल्या जागेवर ते कच्चे चिकटलेले असतात, आणि खाली कुजायला सुरुवात. आमच्या जवळच्याच एका सोसायटीत असा शेंडा उडवलेलं झाड आहे, वर दोन तिरपे शेंडे आलेत, मला त्या रस्त्याने जावंसं वाटत नाही.

जाता जाता मॅनलीबद्दल सांगायलाच हवं, कारण सरळ दिसणाऱ्या झाडांचंही सगळं ठीक असतं असं नाही. ती झाडं १८५० च्या दशकापासून लावलेली. १९६० आणि ७० च्या दशकात ती वाळायला लागली, समुद्राच्या बाजूने. खारा वारा तर ती पहिल्यापासून खात होती. शोध घेतल्यावर कळलं की शहराचं सांडपाणी किनाऱ्याजवळ समुद्रात सोडलं जात होतं, त्यात घरोघरीचे डिटर्जंट, ते लाटांच्या तुषारांतून पानांवर बसायचे, पानावरचा मेणाचा थर त्यांनी कामातून जायचा आणि मग मीठ सरळ आत. पुढे सांडपाणी खोल समुद्रात सोडायची सोय झाली. ताईला मी हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, मी रोज त्या झाडांखालून चालते गं, मला कुणी सांगितलंच नाही.

आणि हवाईतल्या लानाई बेटाची गोष्ट, ती मला सगळ्यात आवडली. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज मन्रो नावाचा माणूस रँचचा मॅनेजर होता. त्याच्या घराशेजारी एक नॉरफोक पाइन होतं, धुकं आलं की पत्र्यावर टपटप थेंब पडायचे, पाऊस नसताना. त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की झाड धुक्यातून पाणी गाळतंय, आणि त्याने बेटाच्या डोंगरधारेवर कुक पाइन लावत नेली. ज्याने महाबळेश्वरला जून-जुलैत झाडाखाली उभं राहून, पाऊस थांबलेला असतानाही भिजून बघितलंय त्याला हे वेगळं समजवायला नको.

तर पंधरा दिवसांनी मी मीटिंगला गेले, फोटो, कंपासचं रीडिंग आणि अकरा झाडांची वही घेऊन. हेही सांगितलं की फांदी तोडायची तरी महापालिकेची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. पण मुख्य म्हणजे मी काकांना म्हटलं, काका, तुमची भीती मी उडवून लावत नाहीये, आपण माहितगार माणूस बोलावून मुळं तपासून घेऊ. तसा एक जण आला, बुंध्याभोवतीची माती बघितली, उत्तरेच्या बाजूला माती उचललेली नाही, भेगा नाहीत, खोड ठोकून बघितलं, पोकळ नाही. म्हणाला झाड वाढलंच आहे तिरकं, कलंडलेलं नाही, या दोन्हीत खूप फरक असतो. दर पावसाळ्याआधी तपासायचं आणि दक्षिणेकडची दोन पार्किंगं हलवायची असं ठरलं. काका स्वतःच म्हणाले, माझी गाडी मी पलीकडे लावतो.

कोन मी दर महिन्याच्या एक तारखेला मोजायचं ठरवलंय. परवा मोजला, सातच आहे.

आणि एक राहिलंच, परवा संध्याकाळी बाबांना शेंड्याजवळ काहीतरी गोल हिरवं दिसलं. मला वाटतं पानांचा झुबका असेल, बाबांना वाटतं शंकू आहे. आमच्या गॅलरीतून नीट दिसत नाही. काका म्हणाले त्यांच्या गच्चीवरून अगदी समोर येतं, रविवारी सकाळी या, दुर्बीण मी देतो. बाबांनी शनिवारीच चष्मा पुसून ठेवलाय.